ताऱ्याभोवती फिरणारे घड्याळ

एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात ताऱ्यांच्या जीवनक्रमावर आम्ही बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक शिक्षक जवळ आले. म्हणाले, "नववीच्या वर्गात एका मुलीनं मला विचारलं, 'सर, त्या ताऱ्यावर कुणी गेलं नाही, तिथं तराजू नेला नाही. मग तो सूर्याच्या वीसपट जड आहे हे कुणी मोजलं?' मी सांगितलं, शास्त्रज्ञांनी मोजलं. ती खाली बसली. पण तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही."

मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. 'शास्त्रज्ञ सांगतात म्हणून' हे विज्ञानातील उत्तर नव्हे. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तरही घाईचे होते. ते आज सवडीने देऊ. त्यासाठी आपण आकाशातील एकच जोडी घेणार आहोत. तिच्यातील एक तारा प्रचंड मोठा आहे आणि दुसरा एखाद्या शहराएवढा लहान. त्या लहान ताऱ्याची दुर्बिणीतून काढलेली तबकडी कोणीही पाहिलेली नाही, तरीही त्याने मोठ्या ताऱ्याचे वजन सांगितले आहे. हे गणित नववीच्या मुलीला वहीत मांडता येते.

आकाशातील घड्याळ

१९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातील एका ठिकाणाहून रेडिओ लहरींचे ठोके येत असल्याचे आढळले. दोन ठोक्यांमधील अंतर सुमारे १.३३७ सेकंद होते आणि ते बदलत नव्हते. बेल आणि त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांच्या या शोधातून स्पंदक तारे, म्हणजेच पल्सार, आपल्याला माहीत झाले.

सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड असलेल्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्या वजनाखाली कोसळतो आणि बाहेरचे थर स्फोटाने फेकले जातात. यालाच अतिनवताऱ्याचा स्फोट म्हणतात. बहुतेक वेळा मागे न्यूट्रॉन तारा उरतो. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट असते, पण व्यास अवघा २०-२५ किलोमीटर. हात जवळ घेतल्यावर गिरकी घेणाऱ्या मुलीचा वेग वाढतो, त्याप्रमाणे आक्रसलेला हा तारा अतिशय वेगाने फिरू लागतो. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओ लहरींचे झोत निघतात. दीपस्तंभाचा झोत जहाजावरून जावा तसा हा झोत प्रत्येक फेरीत पृथ्वीवरून गेला, की आपल्याला एक ठोका ऐकू येतो.

दीपस्तंभाची उपमा बहुतेक पुस्तकांत असते. पण आपल्या कामाची गोष्ट तिच्या पुढची आहे. एवढा जड गोळा सहजासहजी आपली गती बदलत नाही. म्हणून पल्सार हे उत्तम घड्याळ ठरते. हे घड्याळ पुढेमागे होऊ लागले, तर त्याला काही कारण असले पाहिजे.

रोमरची जुनी युक्ती

ते कारण शोधण्याची रीत तीनशे वर्षांहून जुनी आहे. गुरूचा आयो हा उपग्रह सुमारे साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो. म्हणजे आयो हेही एक घड्याळच. ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने पॅरिस येथे काम करताना १६७६ साली असे दाखवले, की पृथ्वी गुरूपासून दूर जात असते त्या महिन्यांत आयोची ग्रहणे उत्तरोत्तर उशिरा दिसतात आणि पृथ्वी गुरूकडे येत असते तेव्हा लवकर दिसतात. घड्याळ बिघडलेले नव्हते. प्रकाशाला जादा अंतर तोडावे लागत होते, म्हणून ग्रहण उशिरा दिसत होते.

वर्गात हे पोस्टकार्डाच्या उदाहरणाने सांगता येईल. आळंदीहून पायी पंढरपूरला निघालेले आजोबा रोज सकाळी घरी एक कार्ड टाकतात. पोस्टाचा वेग कायम आहे असे धरू. आजोबा दूर जात असताना दोन कार्डे एका दिवसाहून थोड्या अधिक अंतराने मिळतील, परतीच्या वाटेवर थोड्या कमी अंतराने. घरी बसून केवळ कार्डे मिळाल्याच्या वेळा लिहून ठेवल्या, तरी आजोबा कोणत्या दिवशी किती चालले हे सांगता येईल.

रोमरला प्रकाशाच्या वेगाचा पत्ता लावायचा होता. आज तो वेग आपल्याला नेमका ठाऊक आहे. त्यामुळे तीच रीत उलट वापरता येते. ठोका किती उशिरा आला हे मोजले, की घड्याळ किती दूर गेले हे कळते.

त्रिशंकूशेजारची जोडी

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांतातील पार्क्स येथे ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशगंगेच्या दक्षिणेकडील पट्ट्याची तिच्या साहाय्याने पाहणी करताना १९९० च्या सुमारास सायमन जॉन्स्टन, रिचर्ड मँचेस्टर, अँड्र्यू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक नवा पल्सार सापडला. त्याचे नाव पीएसआर बी १२५९-६३. नावातील आकडे म्हणजे त्याचा आकाशातील पत्ता आहे. तो ४७.७६ मिलिसेकंदांत एक फेरी घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २१ फेऱ्या.

हा पत्ता आपल्यालाही शोधता येईल. मे महिन्यात रात्री आठ-नऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजाजवळ त्रिशंकूचे चार तारे दिसतात. त्यांतील सर्वांत खालच्या ताऱ्यापासून डावीकडे, म्हणजे पूर्वेला, सुमारे ४ अंशांवर ही जोडी आहे. हात लांब करून तीन बोटे आडवी धरली, की साधारण तेवढे अंतर होते. महाराष्ट्रातून हा भाग क्षितिजाच्या जेमतेम सात अंश वर येतो. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या इतक्या खाली वळत नाहीत, म्हणून या पल्सारचा अभ्यास मुख्यतः दक्षिण गोलार्धातूनच झाला आहे.

ठोक्यांच्या वेळा नोंदताना आधी पृथ्वीच्या स्वतःच्या भ्रमणाचा परिणाम वजा करावा लागतो. तो केल्यावरही या पल्सारचे ठोके पुढेमागे होत राहिले. हा पल्सार कशाभोवती तरी फिरत होता. त्याच्या जागी पाहिले तेव्हा तेथे दहाव्या प्रतीचा एक निळा-पांढरा तारा आधीच यादीत नोंदलेला आढळला. त्याचे आजचे नाव एलएस २८८३. १९९२ साली हा शोध जाहीर झाला. तोवर जोडीने राहणारे जे रेडिओ पल्सार माहीत होते, त्यांचे सोबती श्वेतबटू किंवा न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेले तारे होते. ऐन उमेदीतल्या प्रचंड ताऱ्याभोवती फिरणारा पल्सार प्रथमच सापडला होता.

एक फेरी पूर्ण व्हायला १,२३६.७ दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ ३.३९ वर्षे. कक्षा अतिशय लांबट आहे. तिची विकेंद्रता ०.८७ आहे. पृथ्वीच्या कक्षेची ०.०१७, तर हॅलेच्या धूमकेतूची ०.९७. म्हणजे हा पल्सार ग्रहासारखा नव्हे, तर धूमकेतूसारखा फिरतो. सर्वांत दूर असताना तो ताऱ्यापासून शनीच्या कक्षेच्याही पलीकडे जाईल इतका लांब असतो. सर्वांत जवळ येतो तेव्हा हे अंतर पृथ्वी-सूर्य अंतरापेक्षाही थोडे कमी होते. केप्लरच्या दुसऱ्या नियमानुसार दूरवर तो सेकंदाला सुमारे १५ किलोमीटर वेगाने रेंगाळतो आणि जवळ येताच सुमारे २०० किलोमीटर वेगाने वळसा घालून निघून जातो.

वहीत मांडता येणारे वजन

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. ठोक्यांच्या पुढेमागे होण्यावरून या कक्षेच्या दीर्घ अक्षाचा अर्धा भाग, आपल्या दृष्टीच्या रेषेत मोजला तर, १,२९६ प्रकाश-सेकंद निघतो. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला ४९९ सेकंद लागतात. म्हणून

१,२९६ ÷ ४९९ = २.६

म्हणजे ही लांबी पृथ्वी-सूर्य अंतराच्या २.६ पट आहे.

केप्लरचा तिसरा नियम आपण शिकवतोच. लांबी पृथ्वी-सूर्य अंतरात आणि काळ वर्षांत मोजला, तर लांबीचा घन भागिले काळाचा वर्ग म्हणजे सूर्याच्या मापात वस्तुमान. येथे मात्र एक फरक आहे. दोन्ही तारे त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात आणि आपण फक्त पल्सारची कक्षा मोजली आहे. त्यामुळे उत्तरात एकूण वस्तुमान मिळत नाही. मोठ्या ताऱ्याच्या वस्तुमानाचा घन भागिले दोघांच्या एकूण वस्तुमानाचा वर्ग, असे मिळते. आकडे घालून पाहू.

२.६ चा घन = १७.६
३.३९ चा वर्ग = ११.५
१७.६ ÷ ११.५ = १.५३

पल्सारचे वस्तुमान १.४ धरून आता मोठ्या ताऱ्यासाठी निरनिराळे आकडे घालून पाहावेत. ३.२ घातले, तर घन ३२.८ येतो, एकूण वस्तुमान ४.६, त्याचा वर्ग २१.२, आणि भागाकार १.५५. म्हणजे उत्तर ३.२ च्या आसपास आहे.

पण मुलीने तर वीसपट म्हटले होते! चूक कोठे झाली? चूक गणितात नाही. आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरली, ती म्हणजे आपण कक्षेकडे अगदी कडेने पाहत आहोत. जेवणाचे ताट डोळ्यांच्या रेषेत आडवे धरले, तर त्याच्या काठावरून फिरणारी मुंगी आपल्याकडे येते आणि दूर जाते. तेच ताट समोर उभे धरले, तर मुंगी फिरत राहते, पण आपल्यापासूनचे तिचे अंतर बदलत नाही. ताट तिरपे असेल, तर खऱ्या हालचालीचा काही भागच आपल्याला 'जवळ-दूर' म्हणून कळतो. म्हणून ३.२ हे किमान वजन झाले. खरे वजन यापेक्षा कमी असू शकत नाही, जास्त मात्र असू शकते.

कलण्याचा कोन कळेपर्यंत पुढे जाता येत नव्हते. सुरुवातीच्या काळात ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १० पट असावे असा अंदाज होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात ऑस्ट्रेलियातील दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून पल्सार आकाशात प्रत्यक्ष किती सरकतो हे मोजले गेले. ते सरकणे अतिसूक्ष्म आहे. अडीच सेंटिमीटरचे नाणे २,००० किलोमीटरहून अधिक अंतरावरून जेवढे दिसेल, साधारण तेवढे. त्यावरून कक्षेचे ताट जवळजवळ आपल्या समोर उभे असून केवळ २६ अंशांनी कललेले आहे असे दिसले. जोडीचे अंतरही त्यातून सुमारे ८,५०० प्रकाशवर्षे निघाले.

२६ अंशांची ज्या ०.४३८ आहे. मोठ्या ताऱ्याचे वस्तुमान २०.७ घेऊ. त्याला ०.४३८ ने गुणले की ९.०७, त्याचा घन ७४६. एकूण वस्तुमान २२.१, त्याचा वर्ग ४८८. आणि ७४६ ÷ ४८८ = १.५३. हिशोब जुळला. कोनाच्या मोजमापात थोडी अनिश्चितता असल्याने संशोधक १५ ते ३१ पट अशी मर्यादा सांगतात. वर्गात हा पट्टाही सांगावा. मोजमाप म्हणजे एक आकडा नव्हे. तो आकडा किती चुकू शकतो हे सांगणे हाही मोजमापाचाच भाग आहे.

ठोके थांबतात तेव्हा

घड्याळाने वजन सांगितले, पण त्याचे काम तेथे संपले नाही. एलएस २८८३ हा तारा स्वतःभोवती अतिशय वेगाने फिरतो आणि त्याच्या विषुववृत्ताभोवती आयनीभूत वायूची तबकडी पसरलेली आहे. या तबकडीचे प्रतल पल्सारच्या कक्षेच्या प्रतलाशी जुळत नाही. दोहोंत सुमारे ३५ अंशांचा कोन आहे. पल्सार ज्या स्फोटातून जन्मला, त्या स्फोटाच्या तिरक्या धक्क्याची ही खूण असावी. त्यामुळे प्रत्येक फेरीत पल्सार तबकडीला दोनदा छेदतो, एकदा ताऱ्याजवळ येताना आणि एकदा परत जाताना.

कक्षा कळली तेव्हा ९ जानेवारी १९९४ रोजी पल्सार ताऱ्याच्या सर्वांत जवळ येईल हे आधीच सांगता आले. संशोधक तयारीत राहिले. पल्सार जवळ येऊ लागला तसे ठोके वायूमुळे अधिकाधिक रेंगाळू लागले. कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी अधिक रेंगाळतात, म्हणून दोन कंप्रतांवरील ठोक्यांत पडलेल्या फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन आले हे मोजता येते. पुढे ठोके पूर्ण थांबले आणि एक महिन्याहून थोड्या अधिक काळाने पुन्हा ऐकू येऊ लागले. पल्सार ताऱ्यामागे लपला नव्हता. दाट वायूने ठोके गिळून टाकले होते. जेथे कोणतेही यान जाऊ शकणार नाही, अशा ताऱ्याच्या परिसरातून निसर्गाने स्वतःचेच एक यान पाठवावे, असा हा प्रकार आहे.

न जुळणारा जमाखर्च

ठोके थांबले तरी जोडी गप्प बसत नाही. पल्सारमधून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने कणांचा वारा वाहतो. हा वारा ताऱ्याच्या वायूवर आदळतो आणि तेथे कणांना प्रचंड ऊर्जा मिळते. हे वेगवान इलेक्ट्रॉन ताऱ्याच्या प्रकाशकणांना धडकून त्यांची ऊर्जा कित्येक पटींनी वाढवतात. २००४ साली नामिबियातील हेस दुर्बिणींनी या जोडीकडून येणारे असे गॅमा किरण टिपले. त्यांतील एकेका प्रकाशकणाची ऊर्जा दृश्य प्रकाशकणाच्या सुमारे ५०,००० कोटी पट होती.

ही ऊर्जा येते कोठून? पल्सारच्या फिरण्यातून. त्याच्या एका फेरीचा वेळ दर वर्षी सेकंदाच्या सुमारे १.४ कोटीव्या भागाने वाढतो. ऐकायला हे नगण्य वाटते. पण गोळा इतका जड आहे, की एवढ्या मंद होण्यातूनही सूर्याच्या एकूण प्रकाशाच्या सुमारे २०० पट शक्ती बाहेर पडते. ही त्याची जमा बाजू. यापेक्षा जास्त खर्च त्याला करता येऊ नये.

२०१०-११ मध्ये फर्मी या उपग्रहाने खर्चाची बाजू मोजली. पल्सार ताऱ्याच्या सर्वांत जवळ येऊन गेल्यावर सुमारे ३० दिवसांनी, जेव्हा सारे शांत व्हायला हवे होते, तेव्हा गॅमा किरणांचा भडका उडाला आणि तो काही आठवडे चालला. त्या भडक्यात जवळजवळ सगळी जमा खर्ची पडत होती. २०१४ मध्ये भडका पुन्हा दिसला. २०१७ मध्ये तर काही मिनिटांचे असे झटके नोंदले गेले, की त्यांतील खर्च जमेच्या कित्येक पट दिसत होता! शिवाय जोडीचे अंतर पूर्वी सुमारे ५,००० प्रकाशवर्षे धरले जाई. ते ८,५०० धरले, की त्याच प्रकाशावरून काढलेली ऊर्जा जवळजवळ तिप्पट होते.

मग ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडला का? येथेही आधी आपले न बोललेले गृहीत शोधायला हवे. खर्च काढताना आपण असे धरले, की गॅमा किरण सर्व दिशांना सारखे पसरतात. बॅटरीचा झोत थेट आपल्या डोळ्यांवर पडला आणि आपण त्याला चौफेर उजेड देणारा दिवा समजलो, तर त्याची शक्ती आपण कितीतरी जास्त मोजू. पल्साराचा वारा ताऱ्याच्या वायूला अडून शंकूसारखा मागे वळतो आणि काही काळ त्या शंकूचा रोख आपल्याकडे असतो, असे एक स्पष्टीकरण पुढे आले आहे. पण भडका प्रत्येक फेरीत ठरल्या दिवशी येत नाही आणि त्याचे स्वरूपही सारखे नसते. त्यामुळे या हिशोबावर काम अजून चालू आहे. या जोडीचे वजन करताना कोनाचे गृहीत आड आले होते, येथे दिशेचे येत आहे.

वर्गात सांगण्यासारखे

त्या मुलीला आता काय सांगावे? तराजू नेला नाही हे खरे. पण तराजू तरी काय करतो? तो गुरुत्वाकर्षणाची ओढच मोजतो. येथे तीच ओढ पल्सारच्या फेरीत दिसते, आणि फेरी ठोक्यांच्या वेळांत दिसते. मध्ये लागते ते प्रकाशाचा वेग, केप्लरचा नियम आणि एक कोन. पहिल्या दोन गोष्टी शालेय पाठ्यपुस्तकांत आहेत. तिसरी मोजायला संशोधकांना पंचवीसहून अधिक वर्षे लागली, आणि तोवर त्यांनाही 'किमान ३.२' यापुढे ठोक्यांच्या आधारे काही म्हणता येत नव्हते, हेही तिला सांगावे.

हे गणित फळ्यावर करताना ३.२ या उत्तराशी थोडे थांबावे आणि 'चूक कोठे झाली?' असे मुलांनाच विचारावे. ताट हातात घेऊन ते कोणी शोधून काढले, तर उरलेला तास सार्थकी लागला असे समजावे.

यापूर्वीची जवळीक ३० जून २०२४ रोजी झाली. तिच्यात १,२३६.७ दिवस मिळवले की पुढची तारीख मिळते. ती नोव्हेंबर २०२७ मध्ये येते. नेमका दिवस मुलांनी काढावा. त्या दिवसांत पार्क्सच्या दुर्बिणीला ठोके ऐकू येणार नाहीत, आणि ते का येणार नाहीत हे आपल्या वर्गाला माहीत असेल.